धुवायची राहिलेली जर्सी

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय धाकटी,

आज दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. हॉटेलच्या चादरी आल्या, त्या मशिनला लावल्या. एक सूट परत आला. गिऱ्हाइकाचं म्हणणं, बटण आमच्याकडे तुटलं. आमच्याकडे तुटलेलं नव्हतं, तरी लावून दिलं. दुपारी जेवलो. संध्याकाळी सॉफ्टबॉलच्या टीममधल्या सगळ्या जणी एकदम दुकानात आल्या आणि काउंटरपुढे गर्दी करून उभ्या राहिल्या.

थोरलीने मागच्या वर्षी बाहेरगावच्या त्या मार्चमधल्या स्पर्धेसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, ते तुला माहीत आहे. माझी समजूत होती की आता कोणी जाणार नाही. कप्तान म्हणाली, "तिनेच नोंदवलंय, म्हणजे जायचंच." मी म्हटलं, "कॅचर कोण?" तर त्यांनी एक मुलगी पुढे केली. बेकरीत काउंटरवर असते. तिने दोन मिनिटांत मला तिचं शिक्षण, तिच्या गुडघ्याचं दुखणं आणि बेकरीच्या मालकाचा स्वभाव सगळं सांगून टाकलं. टीमने तुम्हा दोघी बहिणींची नावं थोरली आणि धाकटी पाडली होती. हिचं बडबडी पाडलं आहे.

मी नेहमीसारखं जर्सी आणि किट सांभाळायला बरोबर यावं असं कप्तानचं म्हणणं. मी 'बघू' म्हटलं. तिने ते हो धरलं आणि मिनीबसवाल्याला तसा आकडा कळवूनही टाकला. मला हे आवडलेलं नाही. पण आता बोलून उपयोग नाही.

तू रविवारी फोनवर थोरलीच्या जर्सीचं विचारलंस. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून नीट उत्तर दिलं नाही. जर्सी धुवायला टाकली आहे. वाळली की पाठवतो.

तब्येतीला जप.

भावोजी

११ फेब्रुवारी

भावोजी,

रविवारी तुमचं दुकान बंद असतं.

एवढंच लिहून पत्र टाकणार होते, पण मग तुम्ही ते घडी घालून ठेवून दिलं असतं आणि गप्प बसला असता. फोनवर तरी काय वेगळं करता? 'हं' म्हणता आणि पुढे नुसता पंख्याचा आवाज. म्हणून तर पत्र लिहायची वेळ आली माझ्यावर. इथे एक्स-रे विभागात सगळे हसतात. म्हणतात, "कोणाला लिहितेस, प्रेमपत्र?" मी म्हणते, "हो, एका लाँड्रीवाल्याला, जर्सीसाठी."

तुमच्या दुकानावर अजून ती पाटी आहे ना, 'आज द्या, उद्या न्या'? ताई जाऊन तीन महिने होत आले. तीन महिन्यांत जर्सी वाळत नसेल तर पाटी उतरवा.

मला सरळ सांगा, ती त्या बेकरीवालीला दिलीत का? दिली असेल तर दिली म्हणा. मी काही आकाशपाताळ एक करणार नाही. (करीन, पण तुम्हाला ऐकू येणार नाही, लांब आहे.) मी पोचेपर्यंत ताईचं सगळं आटोपलं होतं आणि पुढच्या खेपेला आले तर कपाट रिकामं. साड्या गेल्या, स्वेटर गेले, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवताना घालायची ते खाकी कोटसुद्धा गेले. मला एक रुमाल नाही मिळाला, भावोजी. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुम्ही इतके नीटनेटके दिसत होता की बोलायची भीती वाटली.

सात वर्षं मी पिचर होते आणि ती कॅचर. म्हणजे सात वर्षं मी समोर बघितलं की तिच्या अंगावर तो चौदा नंबर. माझ्याइतकं कोणी त्या जर्सीकडे बघितलेलं नाही, तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही ती फक्त धुतलीत.

जर्सी पाठवा.

धाकटी

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय धाकटी,

पत्र मिळालं. जर्सी कोणालाही दिलेली नाही.

बडबडीसाठी वेगळी जर्सी शिवून घेतली आहे, बावीस नंबरची. शिंप्याने कॉलरला उगाच पाइपिंग लावलं आहे, बाकीच्यांच्या जर्सीला नाही. परत पाठवली, तर त्याने पाइपिंग काढायच्या ऐवजी बाह्यांनाही लावून पाठवलं. काय बोलणार?

कप्तानने बसमध्ये कोण कुठे बसणार याचा तक्ता करून आणला होता. मला ड्रायव्हरशेजारी बसवलं आहे, म्हणजे तो झोपणार नाही. मी बोलत नाही, तर तो कसा जागा राहील, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही नुसते त्याच्याकडे बघत राहा, तेवढ्याने तो घाबरेल."

कपाटाबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. त्यावर आत्ता लिहीत नाही.

जर्सी स्पर्धेनंतर पाठवतो.

भावोजी

२३ फेब्रुवारी

भावोजी,

स्पर्धेनंतर कशाला? ते गाव माझ्यापासून तीन तासांवर आहे. मी शनिवारची रजा मागितली आहे. पहिल्या सामन्याच्या आधी मैदानावर येते. जर्सी बरोबर आणा, हातात द्या, मी गप्प घेऊन जाते. तुम्हाला पार्सल बांधायचा त्रास नाही आणि मला वाट बघायचा नाही.

आणि तुम्ही माझ्याकडे नुसते बघू नका, मी ड्रायव्हर नाही.

धाकटी

१० मार्च, सोमवार

प्रिय धाकटी,

तू आली नाहीस. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

शुक्रवारी दुपारी निघालो. मिनीबसचं मागचं दार लागत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "चालू लागली की आपोआप बसतं." बसलं नाही. शेवटी कप्तानच्या पर्सचा पट्टा काढून दार बांधलं आणि ती पर्स पोटाशी धरून बसली. रस्त्यात दोनदा ड्रायव्हर वाट चुकला. मी त्याच्याकडे बघत होतो, त्याचा काही उपयोग झाला नाही.

राहायची सोय एका शाळेत केली होती. हॉल मिळणार होता, पण हॉलची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस कुठेतरी जेवायला गेला होता आणि तो काही आलाच नाही. आम्हाला बालवर्गाच्या खोल्या उघडून दिल्या. बाकं गुडघ्याएवढी. सगळ्यांना मिळून एक नळ, आणि त्याला पाणी बारीक. आयोजकांना फोन केला की ते म्हणायचे, "सगळी व्यवस्था आहे." तीन वेळा तेच म्हणाले. मी फोन कप्तानकडे दिला. तिचाही आवाज चढला, पण व्यवस्था काही वाढली नाही.

सकाळी मैदानावर गेलो तर कोणीतरी रात्रभर नळ चालू ठेवला होता. होम प्लेटच्या भोवती चिखल. त्यावर लाकडाचा भुसा टाकून ठेवला होता. अंपायर म्हणाले, "दोन्ही टीमला तोच चिखल आहे."

आता जर्सीचं सांगतो.

मी सामन्याच्या अर्धा तास आधी गठ्ठा सोडला. आठ निघाल्या. पुन्हा मोजल्या, आठच. दुकानातून निघताना मी स्वतः मोजून घेतल्या होत्या आणि नऊ भरल्या होत्या. मी तिथेच बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं. टीमच्या जर्सी दुकानात मागच्या दांडीवर असतात. बडबडीची नवीन जर्सी शिंप्याकडून आली म्हणून ती गिऱ्हाइकांच्या दांडीवर चिठ्ठी लावून टांगली गेली आणि तिथेच राहिली. मागच्या दांडीवरच्या आठ मी बांधल्या, थोरलीची तुझ्यासाठी म्हणून माझ्या पिशवीत वेगळी ठेवली, आणि मोजताना ती धरली. इतकी वर्षं ती धरूनच मोजत आलो. आकडा बरोबर आला म्हणून मनात शंकाही आली नाही.

अंपायरना विचारलं. ते म्हणाले, सारखी जर्सी आणि पाठीवर नंबर नसेल तर खेळाडू उतरणार नाही. आठ जणींनी खेळायचं असेल तर खेळा, नववीची पाळी येईल तेव्हा ती बाद धरू. म्हणजे बडबडी बाहेर आणि कॅचरच नाही.

कप्तान माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमच्या पिशवीत एक आहे."

मी म्हटलं, "ती मळलेली आहे."

"पाच मिनिटांत सगळ्यांच्याच मळणार आहेत."

"ती धाकटीची आहे. ती आज न्यायला येणार आहे."

हे ऐकल्यावर सगळ्या जणी फाटकाकडे बघायला लागल्या. कारण तू आली असतीस तर प्रश्नच नव्हता. तूच घातली असतीस, तूच चेंडू टाकला असतास, आताची पिचर मागे बसली असती. बडबडी म्हणाली, "मी नाही खेळत, खरंच नाही खेळत, मला काही वाटणार नाही, मी पाणी देईन सगळ्यांना." आणि मग गप्प बसली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. अंपायर घड्याळ बघत होते. आम्ही नाणेफेकीपर्यंत फाटकाकडे बघितलं. एक आइस्क्रीमवाला तेवढा आत आला.

मी जर्सी काढून दिली.

मी धुवायला टाकली आहे असं तुला लिहिलं होतं ते खरं नव्हतं. ती मी धुतलेलीच नव्हती. थोरली गेल्यावर आठ दिवसांत मी तिचे सगळे कपडे धुतले, इस्त्री केली आणि देऊन टाकले. लोक म्हणाले, सावरला. सावरलो वगैरे नव्हतो. मला दुसरं काही येत नाही, कपडा दिसला की धुतो. नंतर एकदा कपाट उघडलं तर आत नुसता लाकडाचा वास. ही जर्सी तिच्या शेवटच्या सामन्यानंतर किटच्या बॅगेत कप्तानच्या घरी राहिली होती, म्हणून वाचली. डाव्या खांद्यावर छातीच्या गार्डच्या पट्ट्याचा काळा डाग, पोटावर चिखल, आणि वास. ती मी प्लास्टिकमध्ये घालून घरी ठेवली होती. दुकानात ठेवली तर आमचा माणूस धुवून टाकील अशी भीती. मी आयुष्यभर लोकांचे डाग काढत आलो. हा एक ठेवायचा होता.

तुला पाठवायची नव्हती, असं नाही. पाठवायला हात धजत नव्हता. तू मैदानावर येऊन घेतली असतीस तर दिली असती. तसं ठरवूनच निघालो होतो.

बडबडीला ती मोठी झाली. बाह्या कोपराच्या खाली. ती बॅटरच्या मागे बसली आणि बडबड सुरू. समोरच्या टीमच्या बॅटरशी बोलायची, "ताई, तुमचे बूट छान आहेत, कुठून घेतले?" अंपायरनी तिला दोनदा दटावलं. थोरली तिथे बसली की तिचा आवाज कधी येत नसे, फक्त बोटांच्या खुणा. मला तिकडे बघवेना म्हणून मी बाटल्या भरत बसलो.

सामना आपण हरलो, दोन विरुद्ध अकरा. तुझ्यानंतर पिचर म्हणून जी येते ती चेंडू टाकते की देते, कळत नाही. धावांचा फरक फार झाला म्हणून पाचव्या इनिंगला अंपायरनी संपवला. पण चौथ्यात एक झालं. त्यांची एक खेळाडू तिसऱ्या बेसवरून होम प्लेटकडे धावत आली आणि बडबडी चेंडू घेऊन प्लेटवर आडवी पडली, पोटावर, सगळी चिखलात. धावणारी आऊट झाली. मी उठून उभा राहिलो होतो. कप्तान म्हणते, मी थोरलीला हाक मारली. मला तसं वाटत नाही.

जर्सी पुढून काही ओळखू येत नव्हती. बडबडी माझ्याकडे आली, "काका, अरे देवा, काका," एवढंच म्हणत राहिली. मी म्हटलं, ठीक आहे.

पुढचं लिहायला सुद्धा राग येतो. शाळेत परत आल्यावर ती नळावर गेली आणि तिने जर्सी धुतली. चहावाल्याकडून गरम पाणी मागून आणलं. आंघोळीचा गुलाबाच्या वासाचा साबण लावला. लाल आकड्याचा रंग गरम पाण्यात सुटतो, मी ती कायम गार पाण्यात, उलटी करून, एकटीच धुवायचो. हिने घासून घासून धुतली. आणून दिली तेव्हा लाल रंग पाठभर उतरला होता. ती म्हणाली, "बघा काका, डाग एकही राहिला नाही."

खरंच राहिला नव्हता. खांद्यावरचासुद्धा नाही.

मी काय म्हटलं असेल? ठीक आहे म्हटलं. येताना सगळा रस्ता ओली जर्सी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसलो. आता ती दुकानात बादलीत आहे. तुला अजून हवी असेल तर कळव. पण जी हवी होती ती नाही ही.

तू का आली नाहीस ते लिही, नाहीतर लिहू नकोस.

भावोजी

१९ मार्च

भावोजी,

ड्युटी लागली असं लिहिणार होते. चार ओळी लिहूनही झाल्या होत्या, दोन मशिनं बंद, एक जण आजारी, वगैरे. सगळं खरं वाटेल असं. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि कागद फाडला.

रजा मिळाली होती. सकाळी बस स्टँडवर गेले. बॅगेत माझा ग्लोव्ह होता, हे तुम्हाला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगू नका. म्हणजे जर्सी न्यायला येतेय असं लिहिलं होतं, पण ग्लोव्ह कशाला घेतला ते मला स्वतःलाही विचारायचं नव्हतं. बस आली. कंडक्टर म्हणाला, "येताय ना?" मी म्हटलं, "नाही, एकीला सोडायला आलेय." तो इकडेतिकडे बघायला लागला, कोणाला सोडायला आलीय ही. बस गेली. मग मी घरी आले आणि ग्लोव्ह माळ्यावर टाकला.

तिच्या जागी दुसरी कोणी बसलेली बघायची नव्हती. बस्स. आणि मी आले नाही म्हणून तिच्याच जर्सीत दुसरी बसली. यावर तुम्ही मला काही बोलला नाहीत, याचाच जास्त त्रास होतोय. बोलायला हवं होतं. 'तू आली नाहीस' म्हणून पुढे मिनीबसच्या दाराचं काय लिहिता?

आणि धुतली नव्हती तर तसं सांगायचं ना! मी इथे तीन महिने समजत होते की तुम्ही ताईला आठ दिवसांत इस्त्री करून घडी घालून ठेवलंत. शेजारणीला मी तुमच्याबद्दल काय काय बोलले ते आता परत घेता येत नाही. तुम्ही एक वाक्य लिहिलं असतंत, "धाकटी, मी ती धुतलेली नाही," तर मी जर्सी मागितलीच नसती. जन्मात मागितली नसती.

वासाचं म्हणाल तर एक सांगते, रागावू नका. लग्नानंतर ताई पहिल्यांदा घरी आली तेव्हा आई म्हणाली होती, "हिला बाई इस्त्रीचा वास येतो." तेव्हापासून आमच्या घरी तिचा वास म्हणजे तुमच्या दुकानाचा वास. साबण, खळ, गरम कापड. तुम्ही प्लास्टिकमध्ये जो जपून ठेवलात तो तुमचाच होता, भावोजी. तो तुम्हाला दुकानात रोज मिळतो.

जर्सी आता मला नको. त्या बडबडीला देऊन टाका. आणि तिला नुसतं 'ठीक आहे' म्हणू नका. तुमचं ठीक आहे किती वाईट असतं ते तुम्हाला माहीत नाही. ताई म्हणायची, "हे ठीक आहे म्हणाले की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते."

धाकटी

२७ मार्च, गुरुवार

प्रिय धाकटी,

आज हॉटेलच्या चादरी उशिरा आल्या. दोनवर कॉफी सांडलेली. सूटवाला पुन्हा आला, आता त्याचं दुसरं बटण तुटलं आहे. तेही लावून दिलं.

तुझं वासाचं म्हणणं मला पटलेलं नाही. त्यावर मी आठवडाभर विचार केला. मी या दुकानात बावीस वर्षं उभा आहे. इथल्या साबणाचा, खळीचा, इस्त्रीचा वास मला येतच नाही. लोक दारातून आत येताना म्हणतात, काय छान वास आहे, मला काही कळत नाही. माझं नाक त्याला मेलं आहे. तेव्हा जर्सीला मला जो वास येत होता तो दुकानाचा असता तर मला आला नसता. तो तिचाच होता. हे तू नीट लक्षात घे. तुझ्या आईला आला असेल तो वेगळा.

आता तो नाही. गुलाबाचा येतो. हा येतो मला व्यवस्थित.

तुला मी बोललो नाही, कारण राग आला होता. राग आला की मला बोलता येत नाही, दाराबद्दलच लिहिता येतं. तू बस स्टँडवरून परत गेलीस. मी जर्सी तुला पाठवायला तीन महिने दुकानापासून पोस्टापर्यंत गेलो नाही, ते तर त्याहून जवळ आहे. पण राग अजून आहे. तो असू दे.

मंगळवारी बडबडी दुकानात आली होती. बिस्किटांचा पुडा काउंटरवर ठेवला आणि तोच सरळ करत राहिली. कप्तानने तिला जर्सीचं सगळं सांगितलं, असं दिसतं. तू लिहिलं होतंस म्हणून मी ठीक आहे म्हटलं नाही. तिला आत बोलावलं आणि बादली दाखवली. पांढऱ्यावर लाल असेल तर पाणी गार, कपडा उलटा, आकडा हातात धरून वेगळा चोळायचा, पिळायचा नाही, दाबायचा. तिने दोन्ही हात बादलीत घातले आणि करून बघितलं. मग विचारलं, "काका, त्या बोलायच्या नाहीत का प्लेटच्या मागे? अजिबातच?" मी म्हटलं, "अजिबात नाही." ती म्हणाली, "मग बॅटरला कसं कळायचं की मागे कोणी आहे?" मी म्हटलं, "त्यांना कळायचं." त्यानंतर ती जी बोलायला लागली ती आमचा माणूस दुकान झाडून होईपर्यंत. जाताना म्हणाली, "मी बावीस नंबरच घालणार. पाइपिंग मला आवडलंय."

म्हणून जर्सी तिला दिलेली नाही. तुलाही पोस्टाने पाठवणार नाही. रंग पुष्कळसा निघाला. तीन पाण्यांनंतर आकड्याच्या खाली थोडी गुलाबी झाक राहिली आहे, ती आता निघेल असं वाटत नाही. आणखी घासलं तर कापड जाईल. मागच्या दांडीवर टीमच्या जर्सींच्या शेवटी टांगून ठेवतो. पुढच्या खेपेला नऊ मोजताना ती धरायची नाही, हे आमच्या माणसालाही सांगून ठेवलं आहे. तुला हवी असेल तेव्हा ये आणि दांडीवरून काढून घे. सराव रविवारी सकाळी असतो, दुकान बंद असतं, मी मैदानावर असतो. आताची पिचर पुढच्या महिन्यापासून येणार नाही म्हणते. हे तुला नुसतं कळवतो आहे.

आमचा माणूस जेवायला गेला आहे. दुकानात आत्ता कोणी नाही. जर्सी सकाळपासून तारेवर होती, आता थोडी दमट आहे, इस्त्रीला तशीच चांगली. इस्त्री तापली आहे. आधी बाह्या करतो, मग पुढची बाजू, मग पाठ. आकड्यावर ओलं फडकं टाकून.

भावोजी